तालुक्यात सायबर प्रशिक्षण घेणार असाल, तर ही तयारी

सगळ्यात आधी एक जुना फोन मिळवा. चालू असलेला, सिम असलेला, मेमरी कार्ड बसणारा. कुणाच्या तरी कपाटात तो पडलेला असतोच. पोलीस ठाण्यातल्या आणि न्यायालयातल्या कर्मचाऱ्यांना द्यायचं तीन दिवसांचं प्रशिक्षण या एका फोनभोवती फिरवायचं आहे. तो ठाण्याच्या टेबलावर येईल, पंचनाम्यात उतरेल, मुद्देमालाच्या खोलीत राहील, प्रयोगशाळेत गेल्याचं आपण धरून चालू, आणि तिसऱ्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या हवालदाराच्या हातात तो दिला जाईल. सरकारी वकील म्हणून काम करताना मी सायबर खटले हातातून निसटताना पाहिले आहेत. प्रयोगशाळेच्या चुकीने ते क्वचितच निसटले. निसटले ते पहिल्या दोन-चार तासांत, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर नाहीतर मुद्देमालाच्या कपाटात. म्हणून तयारीही तिथूनच सुरू करायची.

बोलावण्याची यादी करताना हेच ध्यानात ठेवा. जिल्ह्याच्या सायबर ठाण्यातली मुलं हुशार असतात, त्यांना यातलं बरंच येतं. तुम्हाला हवेत ते ठाणे अंमलदार, मुद्देमाल कारकून, तपास अधिकाऱ्याचा रायटर म्हणजे लेखनिक, न्यायालयात पोलिसांच्या बाजूने खटल्याचा पाठपुरावा करणारा पैरवी अधिकारी आणि न्यायालयात मुद्देमाल स्वीकारणारा लिपिक. पोलीस अधीक्षक कार्यालयाला पत्र देताना ही पदं नावानिशी लिहा. नुसतं ‘पंचवीस कर्मचारी पाठवावेत’ असं लिहिलंत तर त्या दिवशी ज्यांना काम नाही ते येतील. निदान एक तृतीयांश महिला अंमलदार असाव्यात असाही आग्रह धरा. त्याचं कारण पुढे येतं. तालुक्यातल्या एखाद्या बँकेचा शाखाधिकारी अर्ध्या दिवसासाठी बोलवा. आणि वकील संघातला फौजदारी कामं करणारा, उलटतपासात कुणाची गय न करणारा एक वकील तिसऱ्या दिवसासाठी आजच ठरवून ठेवा. तो आला नाही तर तिसरा दिवस वाया गेला म्हणून समजा.

न्यायाधीशांचं सत्र वेगळं ठेवा. त्यांच्या प्रशिक्षणाची वाट प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडून आणि उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीकडून जाते, तिचा मान राखायचा. पोलीस आणि न्यायाधीश एका खोलीत बसून चालू खटल्यांबद्दल बोलू लागले, तर उद्या आरोपीने त्यावर बोट ठेवलं तर ते रास्तच ठरेल. फोन तोच, कागद तेच, पण खोली वेगळी. आणि दोन्हीकडे कल्पित प्रकरणच वापरायचं.

खोलीत काय लागेल? प्रोजेक्टर असला तर ठीक, नसला तरी अडत नाही. दोन लॅपटॉप, चार पेन ड्राइव्ह, दोन मेमरी कार्डं, पेन ड्राइव्ह किंवा कार्डावर नवं काही लिहिलं जाण्यापासून रोखणारं उपकरण म्हणजे राइट ब्लॉकर, मोबाइलचं नेटवर्क अडवणारी फॅरेडे पिशवी, ॲल्युमिनियमची घरगुती फॉइल, पॉवर बँक, खाकी पाकिटं, लेबलं, लाख आणि मोहोर. राइट ब्लॉकर सायबर लॅबकडून मागून आणा. फॉइल मुद्दाम सांगितली, कारण तालुक्याच्या ठाण्यात फॅरेडे पिशवी हाताशी नसेल तर फोन फॉइलच्या तीन-चार घड्यांत नीट गुंडाळणं हाच लगेच जमणारा उपाय आहे. गुंडाळल्यावर त्या फोनवर रिंग करून पाहायला लावा. एखादी फट राहिली की तो वाजतो, आणि वाजला की खोलीतल्या प्रत्येकाला कळतं की बाहेरून कुणी या फोनपर्यंत पोहोचू शकतं आणि आतला मजकूर पुसूही शकतं.

पहिली सकाळ तक्रार घेण्याची. इथे सायबर फसवणुकीची तक्रार देण्याचा १९३० हा क्रमांक सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण तो फिरवताना समोर काय लागतं ते पाठ नसतं. कुठल्या खात्यातून गेले, कोणत्या खात्यात किंवा यूपीआय आयडीवर गेले, किती गेले, किती वाजता, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा तो क्रमांक बारा आकडी असतो. तो फिर्यादीच्या ॲपमध्ये किंवा बँकेच्या संदेशात नेमका कुठे दिसतो, हे प्रत्येक अंमलदाराने स्वतःच्या फोनवर शोधून दाखवायचं. पाच रुपये एकमेकांना पाठवा आणि क्रमांक शोधा. ही यंत्रणा २०२१ मध्ये सुरू झाली तीच मुळी पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतानाच अडवण्यासाठी. ‘आधी अर्ज लिहून आणा, साहेब चार वाजता येतील’ असं म्हणून फिर्यादीला बाकावर बसवलं, तर चार वाजेपर्यंत तो पैसा पाच खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर पडलेला असतो. म्हणून क्रम पक्का करून घ्या. आधी १९३०, मग पाणी, मग जबाब. निवृत्तीची पुंजी गमावलेला माणूस समोर बसलेला असतो, त्याला ‘तुम्ही ओटीपी दिलाच कसा’ असं विचारू नये. हे वाक्य प्रशिक्षणात मोठ्याने सांगा.

नव्या कायद्यांचं पाठांतर इथे करून घेऊ नका, पण काही गोष्टी टेबलाच्या काचेखाली हव्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. फसवणारा माणूस कुठल्या राज्यात बसला आहे हे फिर्यादीला कसं कळणार? इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही घ्यायची. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं लावली की त्याच कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडेच हवा. छोट्या ठाण्याचा प्रभारी पुष्कळदा सहायक निरीक्षक असतो. तपास त्याच्याच सहीने पुढे जात राहतो, आणि दोन वर्षांनी बचाव पक्ष नेमकं हेच कलम उघडतो. गुन्हा दाखल करण्याआधी ‘तपास कुणाकडे’ हा प्रश्न विचारायची सवय लावा.

दुपारचा पहिला तास महिला अंमलदारांच्या हाती द्या. एक मुलगी आली आहे, तिचा फोटो कुणीतरी विकृत करून पसरवला आहे, असा प्रसंग घ्या आणि तो दोघींना करून दाखवायला सांगा. बहुतेक ठिकाणी समोरची अंमलदार सवयीने म्हणते, ‘तो फोटो मला व्हॉट्सॲपवर टाक.’ तिथेच थांबवा. तो फोटो आता अंमलदाराच्या खासगी फोनमध्ये, तिच्या गॅलरीत, कदाचित घरच्यांसोबत वाटून घेतलेल्या साठ्यात गेला. पुरावा म्हणून त्याची किंमत घटली आणि मुलीच्या यातनेची आणखी एक प्रत तयार झाली. फोटो जिथे आहे तिथेच ठेवायचा. खात्याचा पूर्ण पत्ता, तारीख, वेळ लिहून घ्यायची, पडद्याचं चित्र मुलीच्याच फोनवर काढायचं, आणि संभाषण पुसू नको असं तिला समजावून सांगायचं. आरोपीला फोन करून दम देऊ नका, हेही सांगा. दम दिला की तो पहिल्यांदा खातं बंद करतो.

आता जप्ती. यासाठी पूर्ण अर्धा दिवस राखून ठेवा. फोन बंद असेल तर बंदच ठेवायचा. चालू असेल तर चालूच ठेवायचा, कारण एकदा बंद झालेला फोन पासवर्ड दिल्याशिवाय आतलं फारसं काही उघडत नाही. उघडा असेल तर एअरप्लेन मोड टाकायचा, वायफाय आणि ब्लूटूथ वेगळे बंद झाले का ते पाहायचं, आणि मगच पिशवीत. पिशवीत पॉवर बँकही जोडायची, कारण नेटवर्क शोधत राहणारा फोन बॅटरी भराभर संपवतो. हे सगळं पंचनाम्यात मिनिटांसह यायला हवं. ‘सदर मोबाइल ताब्यात घेऊन सीलबंद केला’ हे वर्षानुवर्षं चालत आलेलं वाक्य आता पुरत नाही. कंपनी, मॉडेल, रंग, दोन्ही आयएमईआय म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, सिमवरचा लांब क्रमांक, काच कुठे तडकली आहे, पडद्यावर त्या वेळी काय दिसत होतं, कुणी हात लावला आणि कशासाठी, हे सगळं त्यात हवं.

पंचांबद्दलही बोला. ठाण्याच्या समोरचा चहावाला आणि झेरॉक्सवाला हे दोघेच चाळीस खटल्यांत पंच असतील, तर उलटतपासात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पंचाला आयएमईआय म्हणजे काय ते कळलं पाहिजे असं नाही. पण फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर जो आकडा आला, तोच कागदावर लिहिला गेला, एवढं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहिलेलं असावं.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, यादी बनवताना आणि पंच सही करतानासुद्धा, आणि ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आहे. सराव करून घ्या, कारण पहिल्या वेळी प्रत्येक जण चेहरे चित्रित करतो आणि वस्तू चौकटीबाहेर राहते. एकाने बोलायचं, एकाने कॅमेरा धरायचा, एकाने लिहायचं. गावात नेटवर्क नसेल तर काय करायचं तेही त्याच वेळी ठरवा.

सीसीटीव्हीसाठी जवळच्या दुकानदाराला विनंती करून त्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, दाखवा. दोन गोष्टी पुरेत. पहिली, त्याचं घड्याळ. डीव्हीआरचं घड्याळ बरोबर आहे असं कधीही धरू नये. पडद्यावरची वेळ आणि भारतीय प्रमाणवेळ शेजारी शेजारी लिहायची आणि फरक नोंदवायचा. दुसरी, जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. दुकानात बहुधा दोन ते चार आठवडे. गुन्हा दाखल झाल्यावर महिन्याने पत्र घेऊन गेलात तर काही उरत नाही. इथे पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण सांगा. ऑगस्ट २०१८ मध्ये दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली, देशविदेशातल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. सूत्रधार परदेशात राहिले, पण इथे एटीएमसमोर उभे राहिलेले लोक सापडले, आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं. एटीएममधला कॅमेरा आणि त्याचं चित्रण वेळेत मागणारा अंमलदार यांची किंमत अशा तपासात कळते.

वेळेबद्दल आणखी एक सराव फळ्यावर घ्या. ईमेल किंवा समाजमाध्यमाची कंपनी उत्तर पाठवते तेव्हा त्यात आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक, आणि तो वापरल्याची वेळ असते. ही वेळ बहुतेकदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. उत्तरात १४ तारीख, १८ वाजून ४० मिनिटं असेल तर आपल्याकडे १५ तारीख उजाडलेली आहे, रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं. मोबाइल कंपनीकडे १४ तारखेची संध्याकाळ विचारलीत तर तोच आयपी पत्ता त्या वेळी भलत्याच ग्राहकाकडे असेल. शिवाय मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एका वेळी शेकडो ग्राहक वापरतात, त्यामुळे त्यातली नेमकी जोडणी ओळखायला पोर्ट क्रमांकही मागावा लागतो. माझ्या पाहण्यातल्या एका प्रकरणात या साडेपाच तासांमुळे एका कॉलेजच्या मुलाच्या दारात भल्या सकाळी गाडी उभी राहिली. त्याचा काही संबंध नव्हता. तो सुटला, पण गल्लीने पाहायचं ते पाहिलं होतं. हे गणित प्रत्येकाकडून वहीत पाच वेळा सोडवून घ्या. मध्यरात्र ओलांडणारी उदाहरणं मुद्दाम द्या.

बँकेच्या शाखाधिकाऱ्याचा अर्धा दिवस खाती गोठवण्यावर. ठगांना खातं भाड्याने देणारी पोरं कशी ओळखायची, ते तो सांगेल. तुम्ही मात्र दुसरी बाजू मांडा. फसवणुकीच्या पैशातून कुणी किराणा घेतला, तर त्या किराणावाल्याचं अख्खं खातं महिनोन्महिने बंद पडतं. पत्रात रक्कम लिहा, तेवढीच रोखायला सांगा. आणि अडवलेला पैसा फिर्यादीला परत मिळायचा तर बहुतेकदा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर अर्ज लागतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. त्या अर्जाचा मराठी नमुना छापून ठाण्यातच ठेवा. पैसे अडकलेत एवढं ऐकून घरी परतलेली म्हातारी माणसं पुढे काय करायचं हे न कळल्याने वर्षभर वाट पाहतात.

आता हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला तिचा ठसा. हा शब्द ऐकून माणसं डोळे मिटतात, म्हणून व्याख्या सांगू नका. लॅपटॉपवर एक छोटा जबाब टंकित करा, त्याचा एसएचए-२५६ या पद्धतीने हॅश काढा आणि चौसष्ट अक्षरांचा तो आकडा फळ्यावर लिहा. मग जबाबातल्या ‘त्यांनी’वरचा एक अनुस्वार काढा, पुन्हा हॅश काढा. चौसष्टपैकी जवळजवळ सगळी अक्षरं पालटलेली दिसतात. मराठी लिहिणाऱ्या माणसाला एका अनुस्वाराने काय होतं हे वेगळं सांगावं लागत नाही, खोलीत लगेच कुजबुज सुरू होते. त्यानंतर पेन ड्राइव्हचा हॅश काढा, तो राइट ब्लॉकरशिवाय साध्या लॅपटॉपला लावा, एक फाइल उघडून बंद करा आणि पुन्हा काढा. ‘आम्ही फक्त उघडून पाहिलं, साहेब’ याचा अर्थ काय होतो, ते तिथे दिसतं. एक इशारा मात्र द्या. चालू फोनमधून दोन वेळा माहिती काढली तर दोन्ही वेळचा हॅश वेगळा येऊ शकतो, कारण फोन आतून सतत काहीतरी लिहीत असतो. तो छेडछाडीचा पुरावा नव्हे, आणि हे अंमलदाराला पिंजऱ्यात शांतपणे सांगता आलं पाहिजे.

मुद्देमालाच्या खोलीत सगळ्यांना घेऊन जा. मला एका खटल्यात कागदाला स्टेपल केलेलं मेमरी कार्ड मिळालं होतं. पिन सोनेरी पट्ट्यांमधून आरपार गेलेली. कार्ड हरवू नये म्हणून कुणीतरी काळजीनेच ते केलं होतं. त्या कार्डावर एका बाईच्या बाजूचा एकमेव पुरावा होता, आणि तो पुन्हा कुणाला पाहता आला नाही. तेव्हापासून मी प्रत्येक प्रशिक्षणात पाकिटं वाटते आणि प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने कार्ड बंद करून घेते. पिन नाही, कार्डावर पेनाने लिहिणं नाही, लाख पाकिटाच्या घडीवर, वस्तूपासून लांब. कपाट खिडकीतल्या उन्हापासून आणि पावसाळ्यातल्या ओलीपासून दूर. आणि एक नोंदवही, जिच्यात वस्तू कुणी, कधी, कशासाठी बाहेर काढली आणि परत ठेवली ते सहीसह असेल. आता दोषारोपपत्रातच इलेक्ट्रॉनिक उपकरण कुणाकडून कुणाकडे गेलं त्याचा क्रम द्यावा लागतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३. ही वही नसेल तर तो क्रम मागाहून आठवून लिहावा लागेल, आणि आठवून लिहिलेलं उलटतपासात टिकत नाही.

न्यायालयातल्या लिपिकांना इथेच सोबत ठेवा. कपाट त्यांचंही तेवढंच नाजूक असतं. केरळमधल्या २०१७ च्या अभिनेत्री अत्याचार प्रकरणात न्यायालयाच्या ताब्यात असलेल्या मेमरी कार्डाचा हॅश बदललेला आढळला, आणि २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाला चौकशीचा आदेश द्यावा लागला. त्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं होतं की कार्डातला मजकूर हा दस्तऐवज आहे, पण पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तिथे आरोपीला प्रत न देता पाहण्याची मुभा देता येते. मुद्देमाल स्वीकारणाऱ्या लिपिकाने सील तपासावं, हॅश अहवाल सोबत आहे का ते पाहावं, आणि न्यायाधीशांच्या लेखी आदेशाशिवाय कुणालाही, अगदी सरकारी वकिलालाही, ते उघडू देऊ नये. मी स्वतः सरकारी वकील आहे आणि हे मनापासून सांगते.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राची तयारी दुसऱ्या दिवशी रात्री करून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे परिशिष्टातले दोन्ही भाग कोरे छापा, माणशी तीन प्रती. भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. उपकरणाचा अनुक्रमांक, आयएमईआय, हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला ते दोन्हीकडे लिहावं लागतं. जुन्या साक्ष कायद्यातलं कलम ६५ ब पाठ असलेली माणसं भाग ब विसरतात. दुकानदाराला हे इंग्रजीतलं पान एकट्याने भरायला देऊ नका, शेजारी बसा.

यासाठी जालन्याचा खटला सांगा, तो आपल्या मातीतला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर स्वीकारले का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रण. प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेत नाही. पण मागणाऱ्याने सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नसेल तर त्याला अडवता येणार नाही, आणि न्यायालय ते हजर करायला लावू शकतं. म्हणून तपास अधिकाऱ्याने प्रमाणपत्र मागितल्याचं प्रत्येक पत्र, पोचपावतीसह, फाइलला लावायचं. न्यायाधीशांच्या सत्रातही हाच खटला घ्या. तिथे भर द्या तो कोणत्या टप्प्यावर प्रमाणपत्र मागवावं यावर. खटला निकालाला आल्यावर ती उणीव काढली, तर ती भरून काढायला फार उशीर झालेला असतो.

तिसरा दिवस सबंध न्यायालयाचा. खुर्च्या हलवून पिंजरा करा. आधी हवालदाराचा सरतपास, म्हणजे आपल्या बाजूने घेतलेली साक्ष, मग त्या वकिलाचा उलटतपास. वकिलाला आदल्या दिवशी पंचनामा, वही, चित्रीकरण सगळं देऊन ठेवा आणि दया दाखवू नका म्हणून सांगा. ‘फोन तुम्ही किती वाजता एअरप्लेन मोडवर टाकला? मग चित्रीकरणात त्याच्या आठ मिनिटांनंतर संदेश आल्याचा आवाज कसा?’ अशा दोन प्रश्नांत सगळ्या खोलीला कळतं की परवा दुपारी फॉइलची ती शेवटची घडी का महत्त्वाची होती. ज्याला घाम फुटेल त्याला बसवून पाणी द्या आणि दुपारी पुन्हा उभं करा. दुसऱ्या वेळी तो नीट उत्तरं देतो. ‘मला आठवत नाही, नोंद पाहून सांगतो’ हे म्हणण्यात कमीपणा नाही, हेही तिथेच शिकवा.

जेवण चांगलं ठेवा. तीनही दिवस लोक रात्रपाळी करून येतात.

शेवटच्या संध्याकाळी प्रशिक्षणातलं ते मेमरी कार्ड, फोनमधून काढलेलं, हॅश घेतलेलं, पाकिटात बंद केलेलं, त्याच ठाण्याच्या मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात द्या. पोचपावती घ्या, तारीख लिहा. महिन्याने परत जा, कळवून जा, आणि सगळ्यांसमोर पाकीट उघडून राइट ब्लॉकर लावून हॅश पुन्हा काढा. आधीचा कागद सोबत न्यायला विसरू नका.